सोन्याचं पाणी

२८ मार्च, फैजपूर

कॉलेज सुटल्यापासून दैनंदिनी लिहिली नव्हती. आज पुन्हा वही उघडली, कारण या घरात बोलायला माणसं आहेत, पण सांगायला कोणी नाही.

लग्नाला महिना होऊन गेला. कुंदन बिजवर, मी छत्तिशीची, धुळ्याच्या ज्युनिअर कॉलेजात तासांवर वनस्पतिशास्त्र शिकवणारी. लोकांच्या मते आम्हा दोघांनाही याहून बरं काही मिळणार नव्हतं! माणूस शांत आहे. केळीवर बोलायला लागला की थांबत नाही, बाकी गप्प. त्याची पहिली बायको दिपमाला दोन वर्षांपूर्वी काविळीनं गेली. मुलगी मयुरी, तिसरीत. सासूबाई सुनंदाबाई. आणि बैठकीतली माशांची टाकी. तिलाही घरातलं माणूसच धरावं लागतं, कारण ती दिपमालानं हौसेनं केलेली.

माझ्या गळ्यातही दिपमालाच आहे. लग्नात मंगळसूत्राच्या आधी सासूबाईंनी काळ्या दोऱ्यात ओवलेली एक छोटी पुतळी घातली. नाक नाही, डोळे नाहीत, नुसती बाईची आकृती. मेलेल्या सवतीला असं गळ्यात वागवायचं, स्वतःच्या आधी तिला कुंकू लावायचं, म्हणजे ती नव्या संसाराला त्रास देत नाही. ‘गयातून कधी काढू नको वं,’ सासूबाई म्हणाल्या. ‘काढली का ती घरात फिरते.’ मी विज्ञान शिकवणारी बाई, मला हसू येत होतं. हसले नाही, कारण मयुरी डोळे फाडून त्या पुतळीकडे बघत होती.

२ एप्रिल

मयुरी मला कशानंच हाक मारत नाही. मम्मी नाही, मावशी नाही. काही हवं असलं तर माझ्या जवळच्या एखाद्या वस्तूकडे बघून बोलते. काल डब्याला उद्देशून म्हणाली, ‘भाजीत तिखट नका टाकू.’

पण टाकीपुढे बसली की तिला वाचा फुटते. आत तीन सोनेरी गोगलगायी आहेत. नावं शेव, भरीत आणि बट्टी. ही नावं दिपमालानं ठेवली. मला ती बाई एकदम आवडली. एक म्हातारा गुरामी मासा आहे आणि थोडे गप्पी. वनस्पती मात्र माझ्या ओळखीच्या. मागच्या काचेशी व्हॅलिसनेरिया, रिबिनीसारखी लांब पानं. कोपऱ्यात ॲम्बुलिया.

आज धीर करून शेजारी बसले आणि म्हटलं, ‘या लांब पानाच्या झाडाची गंमत माहीत आहे? त्याचं मादीफूल लांब देठावर चढत चढत पाण्याच्या वर येतं. नरफुलं बुडाशीच सुटतात, तरंगत वर येतात आणि तिला शोधतात. भेट झाली की देठाची गुंडाळी होते आणि ती पुन्हा पाण्यात खाली जाते. फळ खालीच धरतं.’

मयुरीनं बोट काचेवरून एका पानाच्या बुडापर्यंत नेलं. मग म्हणाली, ‘म्हणजे खाली गेलेलं मेलेलं नसतं?’

‘नाही. खाली त्याचं काम चाललेलं असतं.’

मग तिनं मला भरीत दाखवली. गोगलगाय पाण्याच्या वर सोंडेसारखी नळी काढून हवा ओढते, ते दाखवलं. ‘अशी श्वास घेते,’ म्हणाली, आणि या वेळी माझ्याकडे बघून म्हणाली. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी विसळत बसले, डोळे पुसायला निमित्त हवं होतं.

७ एप्रिल

ऊन म्हणजे नुसता जाळ. गळ्याला घामोळ्या आल्यात आणि पुतळीची कड त्यांतच टोचते. तीन-चार दिवस झाले, झोपताना ती काढून मोरीजवळच्या खुंटीला अडकवते आणि सकाळी सासूबाई उठायच्या आत घालते. नव्या सुनेनं चोरी करावी ती कशाची, तर सवतीची.

आज सासूबाईंनी केस विंचरायला बसवलं आणि पुतळी हातात घेऊन निरखली. ‘आं! पानी उतरलं वं हिचं.’

मयुरी पाटीवर चित्र काढत होती. मान वर करून म्हणाली, ‘कोनाचं पानी उतरलं?’

‘तुह्या मम्मीचं. सोन्याचं पानी होतं. कसं लख्ख होतं माय, आता पाह्य.’

‘मंग पुन्हा कसं चढतं?’

‘चढवा लागते. जायगावले सोनाराकडे,’ म्हणाल्या आणि माझ्या केसांतली गाठ ओढली. पूर्ण सोन्याची आहे असं लग्नात सांगितलं होतं, ते आता सगळ्यांच्या सोयीनं विसरलं गेलं.

११ एप्रिल

आज पहाटे खुंटीवरून पुतळी घेतली आणि हात आखडला. दोरा ओला होता.

मोरीजवळ आहे, शिंतोडे उडाले असतील. पण नळाला पाणी यायच्या आधीची गोष्ट. आणि दोऱ्याला वास होता. शेवाळाचा, साचलेल्या पाण्याचा. टाकीचं झाकण उघडल्यावर येतो तोच.

गळ्यात घालून टाकीतला गाळ काढायला वाकले, तर म्हातारा गुरामी तरंगत समोर आला. या माशाला पोटाखाली दोन लांब दोऱ्यांसारखे पर असतात. त्यांनी तो चाचपतो, चवसुद्धा घेतो. आंधळा माणूस काठीनं वाट शोधतो तसं. त्यानं ते दोन्ही पर काचेला टेकवले, बरोबर माझ्या गळ्यासमोर. मी डावीकडे सरकले, तो डावीकडे. मासे खायला घालणाऱ्याला ओळखतात हे मी वाचलेलं आहे. पण त्याला खायला घालणारी मी नव्हे ना.

१६ एप्रिल

भरीत गेली. गेले काही दिवस झाकण लावून तळाशी पडून होती. गोगलगायीला तोंडाशी एक टणक झाकण असतं, बरं नसलं की ते बंद करून बसते. आज उचलली तर झाकण सुटून आलं आणि असा वास सुटला की कुंदननं अंगणात नेऊन पुरली.

मयुरी रडली नाही. सासूबाई म्हणाल्या, ‘दिपमालाच्या हातचं हाये ते. दुसऱ्याचा हात त्याले चालत नसंन.’ कोणाला टोमणा मारायचा म्हणून नाही म्हणाल्या, आपल्याशीच म्हणाल्या. तेच जास्त लागलं. मयुरीनं स्टूल उचललं आणि टाकीच्या दुसऱ्या बाजूला, माझ्यापासून लांब नेऊन ठेवलं.

२१ एप्रिल

मी हट्टाला पेटले आहे. दुपारी टाकीचं पाणी हाताला कोमट लागतं, म्हणून बाटलीत बर्फ करून तरंगत ठेवते. गरम पाण्यात हवा कमी विरघळते, म्हणून हवेचा पंप दिवसभर चालू. पाणी थोडं थोडं बदलते, तेही आदल्या दिवशी बादलीत काढून ठेवलेलं. खायला चिमूटभर, नखावर मावेल एवढंच. पुस्तकात असतं ते सगळं करते. तरी शेव सुस्त आहे आणि गप्पी कोपऱ्यात गोळा होऊन थरथरतात.

दोरा आजही ओला. काल होता, परवाही होता.

संध्याकाळी टाकीतला दिवा अजून चालू असताना ॲम्बुलियाची पानं मिटायला लागली. एकेक शेंडा हात जोडल्यासारखा बंद होतो. झाडाला रात्रीची वेळ कळते, दिवा असला तरी कळते. वर्गात हे मी कौतुकानं सांगायचे. आज मात्र वाटलं, कोणी यायचं आहे म्हणून ही आवराआवर चालली आहे. मी खोली सोडून कुंदनजवळ जाऊन बसले. त्यानं विचारलं, ‘काय झालं?’ मी म्हटलं, ‘गरम होतंय.’ त्याला काय सांगणार? तुझी बायको ओली होऊन येते?

३० एप्रिल

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. पितरांच्या घागरी भरल्या. एक सासऱ्यांची, एक दिपमालाची. वर लोटा, त्यावर इकडे डांगर म्हणतात ते खरबूज, आंबा, सांज्याची गोड सांजोरी. सासूबाईंनी तिची घागर मला भरायला लावली. पाणी ओतायला वाकले की गळ्यातली पुतळी घागरीच्या काठावर टणटण वाजत होती.

मयुरी शेजारी उकिडवी बसली होती. ‘आजी, मम्मीले पानी पोचतं का?’

‘पोचतं ना बाई. वर्सभर तहानेली राह्यते, आज पेते.’

‘वर्सातून एकदाच?’

‘एकदाच.’

मयुरीचा चेहरा पडला. मग ती माझ्या गळ्याकडे बघत राहिली, खूप वेळ. मला वाटलं माझ्या जवळ येऊन बसावंसं वाटतंय तिला. मी मांडी जरा सरकवून जागा केली. ती आली नाही.

उद्या धुळ्याला जाते. लग्नानंतरची पहिली आखाजी माहेरची असते, घागरींसाठी इथं थांबले; आईनं निरोपावर निरोप पाठवलेत.

४ मे, धुळे

आईच्या घरी पंख्याखाली पडून आहे. पुतळी गळ्यात आहे, इथं काढायची हिंमत होत नाही. सासरी निदान ती आपल्या घरात फिरते, इथं कुठं भटकेल? असं काहीतरी मी आता गंभीरपणे लिहिते आहे. दोरा कोरडा. रोज सकाळी पहिला हात गळ्याशी जातो. रोज कोरडा.

कुंदनला फोन केला. म्हणाला, ‘मासे एकदम मजेत. शेव काचेवर चढली काल. मयुरी नाचत होती.’ चांगली बातमी होती. ऐकून मी मोरीत जाऊन तोंड धुतलं. मी होते तोवर सगळं मरत होतं, मी निघाले आणि सगळं जगलं. याहून स्पष्ट कोणी काय बोलायचं?

आईला सगळं सांगितलं, ओल्या दोऱ्याचं सोडून. ती शेंगा फोडत होती. म्हणाली, ‘ती आते तुनीच आंडेर शे. तिले मया लाव. रडानं नही नी पयानं बी नही. बठ्ठं व्हई जाई.’ तिच्या अहिराणीत आंडेर म्हणजे पोटची मुलगी, बठ्ठं म्हणजे सगळं; रडायचंही नाही नि पळायचंही नाही, सगळं होईल. मयुरीला अजून माझं नावसुद्धा तोंडात घ्यायचं नाही, आणि ही आंडेर म्हणते.

१० मे, फैजपूर

येऊन तीन-चार दिवस झाले. दोरा ओला. नुसता ओला नव्हे, आज त्यात व्हॅलिसनेरियाच्या पानाचा एक तुकडा अडकलेला होता, हिरवा, ताजा.

मी खुंटीपाशी उभी राहून मोठ्यानं म्हटलं, ‘दिपमालाबाई, मी तुमचं काही घेतलं नाही. जे रिकामं होतं तिथं बसले.’ पुतळीच्या छातीवरचा पिवळेपणा जवळजवळ गेलाय, खालून तांबूस रंग दिसतो. अंगावरची कातडी सोलवटावी तसा.

शेव दुपारी मेली. या वेळी मयुरी रडली. रडता रडता, भरीत गेल्यापासून पहिल्यांदाच, सरळ माझ्याकडे बघून बोलली, ‘तुम्ही नव्हत्या तेव्हा चांगलं होतं.’

सासूबाईंनी तिला दटावलं. मी म्हटलं, ‘राहू द्या, खरं आहे.’ बट्टी एकटी उरली आहे. तीही गेली तर या घरात मी कोणत्या तोंडानं राहणार, ते मला समजत नाही. मुलीच्या आईची शेवटची वस्तू माझ्या हातून संपली, असंच ती जन्मभर म्हणेल. त्याआधी मीच धुळ्याला गेलेलं काय वाईट? कॉलेज जूनमध्ये सुरू होतं. तासांवर ठेवतील.

१४ मे

जळगावला गेले. केळीच्या कामासाठी कुंदन जाणारच होता, गाडीत बसले, मांडीवर टाकीच्या पाण्याची बाटली. माशांच्या दुकानातला अभिमन म्हणून माणूस बडबड्या निघाला. गिऱ्हाइकाला टाकी विकण्याआधी तो त्याला लग्नाची मुलगी द्यावी तसे प्रश्न विचारतो. त्यानं पाण्यात कागदी पट्ट्या बुडवल्या, रंग बघितला, मान हलवली. ‘वहिनी, पाणी तर तुमचं चांगलं आहे. गोगलगायीच आधी मरतात ना? मासे नंतर सुस्तावतात? मग तांबं बघा. या पट्टीत तांबं दिसत नाही, पण लक्षण त्याचंच. गोगलगायीला तांबं म्हणजे विष. औषधांत असतं, तांब्याच्या भांड्यात असतं. शेतकऱ्याच्या हाताला फवारणीचं मोरचूद असतं, तेही तांब्याचंच, तो तसाच हात घालतो टाकीत.’

परतीच्या वाटेवर कुंदनला विचारलं, ‘तुम्ही मोरचूद कालवून हात घातला होता का?’ तो एवढा दुखावला की भुसावळ येईपर्यंत बोलला नाही. मग म्हणाला, ‘दिपमाला गेल्यापासून मी त्या पाण्याला हात लावलेला नाही. जमतच नाही मला.’ मी त्याचा स्टिअरिंगवरचा हात धरला. त्याच्याबद्दल मला असं काही कळायला एक गोगलगाय मरावी लागते.

घरी हंडा तांब्याचाच आहे, पण तो पिण्याच्या पाण्याचा. टाकीत मी बोअरचं पाणी घालते, प्लास्टिकच्या बादलीनं. म्हणजे तांबं नाही. म्हणजे उरतं तेच.

१८ मे

आज रविवार. दुपारी सगळे झोपलेले, कूलरची घरघर. घामोळ्यांनी जीव नको झाला म्हणून पुतळी दिवसाच काढून खुंटीला लावली आणि पडले. तहान लागून उठले तर खुंटी रिकामी.

बैठकीच्या पडद्याशी पोचले. मयुरी स्टुलावर उभी होती, पाठमोरी. एक हात कोपरापर्यंत पाण्यात. काळा दोरा तिच्या बोटांत होता, आणि ती विहिरीत बादली सोडावी तशी जपून पुतळी खाली सोडत होती, लांब पानांच्या बुडाशी, जिथं बट्टी झाकण लावून बसते तिथं.

‘थांब मम्मी, घाई नको करू,’ ती कुजबुजत होती. ‘पानी चढू दे. तुह्यं बठ्ठं पानी उतरून गेलं. आजी म्हने चढवा लागते. पे पानी. वर्सातून एकदा नाही, तू रोज पे.’

गुरामी आला. त्यानं दोन्ही पर पुढे करून पुतळी चाचपली. मयुरी हसली.

मी पडद्याआड उभी राहिले. बऱ्याच वेळानं तिनं पुतळी बाहेर काढली, फ्रॉकला पुसली, दोरा काही वाळेना तर त्यावर फुंकर घातली. मी परत येऊन डोळे मिटून पडले. खुंटीचा खुट्ट आवाज ऐकला.

मग उठले, पुतळी घेतली, उजेडात पालथी केली. पाठीच्या खोबणीत निळसर हिरवा थर. हा रंग या पट्ट्यात पोरसोरही ओळखतं, मोरचुदाचा रंग. सोन्याचं पाणी उतरलं तेव्हा आत तांबं निघालं, आणि जितकं उतरलं तितकी ती मुलगी आईला पाण्यात ठेवत गेली.

भुताचं कोडं सुटलं की माणसाला हायसं वाटतं म्हणतात. मला वाटलं नाही. भूत होतं तोवर मला एकटीला भीती होती. आता हे त्या पोरीला कळलं तर काय? भरीत, शेव, आपल्या हातांनी, आईच्याच हातून, आईला पाणी पाजता पाजता. आठ वर्षांच्या मुलीनं हे कुठं ठेवायचं? आणि न सांगावं तर बट्टी जाते.

१९ मे

सकाळी बट्टीला उचलून पाहिलं. झाकण घट्ट, म्हणजे जिवंत. टाकी निम्मी उपसली, पाणी बदललं.

सासूबाई म्हणाल्या, ‘काही उपेग नाही वं. दिपमालाले राग आलाय.’

मयुरी दाराशी उभी होती. तिचा आवाज अगदी बारीक आला. ‘माह्यावर?’

मी ओल्या हातांनीच म्हटलं, ‘कोणावर नाही. चूक माझी झाली. दुकानदारानं सांगितलं, तांब्यानं गोगलगाय मरते. मी हंड्यातलं पाणी टाकत होते टाकीत, तांब्याचं पाणी चांगलं असतं म्हणून. मला माहीत नव्हतं.’

कुंदन म्हणाला, ‘चौदा वर्षं बॉटनी शिकवलीस ना?’ मी म्हटलं, ‘झाडांची. गोगलगायीची नाही.’

मयुरीनं आधी हंड्यात डोकावून पाहिलं. थोड्या वेळानं टाकीपाशी आली. ‘हंड्यातलं पानी कधी टाकलं तुम्ही?’

‘तू शाळेत असायचीस तेव्हा.’

‘शेव तं सुट्टीत मेली.’

‘तू झोपलेली असताना,’ म्हटलं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मग माझ्या गळ्याकडे, मग स्वतःच्या हाताकडे, आणि खेळायला निघून गेली. पटलं असावं.

पुतळी मी गळ्यातून काढली आणि टाकीच्या बाहेर, काचेला लागून खिळ्याला टांगली. तोंड, म्हणजे तोंडाची जागा, पाण्याकडे. सासूबाई ओरडल्या, ‘अशी भायेर ठेवली तं ती घरात फिरंन!’

‘फिरू द्या, आई. घर तिचं आहे. सकाळचं खाणं तिनं घातलं तर मला तेवढीच मदत.’

त्यांनी कपाळाला हात लावला. पण पुतळीला हात लावला नाही.

२३ मे

शेजारच्या कोकिळाबाईंपर्यंत बातमी पोचली आहे. ‘मास्तरीन बाईनं मासे मारले म्हने.’ ऐकून घेतलं. मयुरी माझ्या हातचं जेवते पण बोलत नाही. फार शांत झाली आहे. आज दुपारी उगाचच ताप आला तिला, संध्याकाळी उतरला. ऊन लागलं असेल.

खोटं बोलल्याचं वाईट वाटत नाही. तिनं मला दोष द्यावा आणि मोकळं व्हावं, एवढंच हवं होतं. पण ती मला दोषही देत नाही. ते मला उमजत नाही.

२७ मे

बट्टी चालली! सकाळी काचेवर चढलेली सापडली, नळी वर काढून हवा ओढत होती. मी मयुरीला ओरडून हाक मारली. ती धावत आली, बघितलं, आणि काचेला गाल लावून उभी राहिली. हसेल असं वाटलं होतं.

मग काचेकडे बघतच म्हणाली, ‘मम्मीनं पन एकदा मासे मारले होते. टाकी साबनानं धुतली होती. बठ्ठे गप्पी मेले.’

‘मग?’

‘मंग लय रडली. मले म्हने, कोनाले सांगू नको. मी नाही सांगलं. आजीले बी नाही.’ मग काचेवर नख घासत, ‘चुकून केलं तं पाप लागतं का?’

‘नाही लागत.’

‘कोनालेच नाही?’

‘कोणालाच नाही, बेटा.’

तिनं मान हलवली. माझ्या चुकीचं तिला एवढं वाईट वाटावं याचं मला नवल वाटलं आणि भरूनही आलं.

नंतर ती खिळ्यापाशी गेली. खिडकीतल्या कूलरमधून उडालेले पाण्याचे थेंब पुतळीवर होते. तिनं फ्रॉकच्या टोकानं पुतळी पुढून पुसली, मागून पुसली, खोबणीत नख घालून पुसली. दोरा दोन बोटांत दाबून बघितला, कोरडा आहे ना.

‘मम्मी,’ ती म्हणाली, ‘तू आता भायेरूनच पाह्य. आत नको येऊ.’

मग तिनं कोपऱ्यातली बादली ओढत आणली आणि माझ्यापुढे ठेवली. ‘पानी बदलाचं ना? धरा.’